छातीत पाणी, पोटात पाणी आणि अंडाशयात एक साधी गाठ

यवतेश्वर

धागा काढायचं कारण आधी सांगते. अंडाशयात मोठी गाठ, पोटात पाणी, छातीत पाणी आणि रक्तातला सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरच्या संशयात मोजतात ते प्रथिन) वाढलेला, एवढं एकत्र दिसलं की घरात कॅन्सर हा शब्द शिरतो आणि पुढचं कुणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत राहत नाही. पुष्कळदा ती भीती खरी ठरते, हे मान्यच. पण हेच सगळं एका पूर्णपणे साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, गाठीमुळेही होऊ शकतं. गाठ काढली की दोन्हीकडचं पाणी आपोआप आटतं. याला मेग्ज सिंड्रोम म्हणतात. माझ्या मावशीला हेच झालं होतं. त्या काळात मराठीत वाचायला फारसं काही हाती लागलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मावशी खटाव तालुक्यातली, वडूजजवळच्या गावची. वय ५६, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. शेतावर रोज जाणारी बाई, पण बांधावरून घरी येताना मध्येच बसायला लागली. पोट वाढलेलं होतं, पण या वयात पोट सुटतंच असं सगळ्यांनी धरून चाललेलं. दम वाढला तेव्हा गावच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. छातीत उजव्या बाजूला पाणी.

आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की पहिला संशय टीबीचा, आणि तो यायलाच हवा. साताऱ्यात पाणी काढून तपासलं. टीबीत वाढतो तो एडीए कमी आला, कॅन्सरच्या पेशीही मिळाल्या नाहीत. पाणी मात्र पुन्हा भरलं. मग पोटाची सोनोग्राफी झाली आणि डाव्या अंडाशयाच्या जागी ११ सेंटिमीटरची भरीव गाठ दिसली. पोटातही पाणी. सीए-१२५ नॉर्मल ३५ पर्यंत असतो, तिचा ४०० च्या घरात.

एका ठिकाणी आम्हाला तिथल्या तिथे सांगण्यात आलं, की हा अंडाशयाचा पुढे गेलेला कॅन्सर आहे, पोट उभं उघडून पिशवीसकट सगळं काढायचं आणि मग केमो. काकांनी त्याच रात्री शेताचा तुकडा काढायची भाषा सुरू केली. मावशी काही बोलतच नव्हती.

दुसरं मत घ्यायचं तर आपल्या भागात मिरजेचं नाव आधी निघतं. १८९४ पासून वानलेस हॉस्पिटल तिथे आहे, पुढे सरकारी मेडिकल कॉलेज झालं, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातूनही माणसं येतात. तिथल्या एका डॉक्टर बाईंकडे सगळे कागद घेऊन गेलो. त्यांनी सोनोग्राफीच्या फिल्म स्वतः पाहिल्या, मावशीला तपासलं आणि ओटीपोटाचा एमआरआय सांगितला. त्यात गाठ सगळ्या चित्रांत काळी दिसत होती. त्या म्हणाल्या, "ही फायब्रोमा वाटतेय. तंतूंची साधी गाठ. पण गाठ बाहेर येऊन तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं ठरलं. गाठ आत न फोडता बॅगेत घालून काढायची, लगेच फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या तपासणीला, पाठवायची आणि काही वेगळं निघालं तर पोट उघडायचं, याची सही आधीच घेतली. काका म्हणाले, "उघडताय तर पिशवीपण काढून टाका, पुन्हा कटकट नको." डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, "गर्भाशय निरोगी आहे. ते काढायला मला कारण सापडत नाही." पाळी गेलेली असल्याने दोन्ही अंडाशयं आणि नळ्या काढल्या, गर्भाशय ठेवलं.

भुलेच्या डॉक्टरांचं काम मला तोवर माहीतच नव्हतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात आणि टेबल डोक्याकडून खाली करतात, म्हणजे आतडी वर सरकतात आणि ओटीपोट मोकळं दिसतं. पण त्याने छातीचा पडदा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायू, वर ढकलला जातो. मावशीच्या छातीत आधीच पाणी, फुप्फुस दबलेलं. म्हणून आदल्या दिवशी छातीतलं पाणी सावकाश काढलं, गॅसचा दाब कमीत कमी ठेवला, टेबलही फार कललं नाही. ही सगळी बोलणी त्यांनी आमच्यासमोर केली आणि मला पहिल्यांदा धीर आला.

गाठ बाहेर आल्यावर ट्रेमध्ये दाखवली. कापलेला भाग पांढराशुभ्र, घट्ट, आत दोऱ्याच्या गुंड्यासारखी वेटोळी. रक्त नाही, सडलेलं काही नाही. फ्रोझनचा निरोप आला: फायब्रोमा. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात चालत होती. खांदे दुखतात म्हणून घाबरली होती. आत राहिलेल्या गॅसने छातीचा पडदा चुरचुरतो, त्याची कळ खांद्यात येते आणि एक-दोन दिवसांत जाते, हे सिस्टरांनी सांगितल्यावर शांत झाली. काही आठवड्यांनी काढलेला एक्स-रे स्वच्छ. सीए-१२५ नॉर्मल.

कुणाच्या घरात असे रिपोर्ट आले असतील तर घाबरून पहिल्या सांगण्यावर सही करू नका. आणि साधीच असेल असं धरून घरीही बसू नका. प्रश्न असतील तर विचारा, मला माहीत आहे तेवढं सांगेन. डॉक्टर मंडळींनी भर घालावी.

कृष्णाकाठ

वाचून अंगावर काटा आला. मावशी आता कशा आहेत?

यवतेश्वर

छान आहे ताई. कांदे काढायला गेली होती म्हणून काकांशी भांडण झालं. जड उचलायला अजून मनाई आहे.

डॉ. वारणाकाठ

मी सांगली जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. यवतेश्वर ताईंनी फार नेमकं लिहिलंय. थोडी भर घालतो.

मेग्ज हे नाव बोस्टनच्या ज्यो व्हिन्सेंट मेग्ज या स्त्रीरोगतज्ज्ञांचं. १९३७ साली त्यांनी कॅस यांच्याबरोबर ७ रुग्णांची माहिती छापली. अंडाशयातली साधी भरीव गाठ, पोटात पाणी, छातीत पाणी, आणि गाठ काढल्यावर पाणी परत न येणं. हे चौथं कलम सगळ्यांत महत्त्वाचं, कारण निदानावर शिक्का त्यानेच बसतो. फायब्रोमा अंडाशयाच्या एकूण गाठींत शंभरात चार किंवा त्याहूनही कमी, आणि त्यातल्याही साधारण शंभरात एकीलाच पूर्ण मेग्ज होतो. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांच्या डोक्यात कॅन्सर आला यात नवल नाही.

पाणी का होतं? मोठ्या फायब्रोमाच्या आत सूज धरते, रक्त आणि लसीका (शरीरातला पातळ द्रव) वाहून नेणाऱ्या वाटा दाबल्या जातात आणि गाठीच्या पृष्ठभागातून पाणी झिरपत राहतं. ते छातीच्या पडद्यातल्या बारीक वाटांनी वर चढतं, बहुतेक वेळा उजवीकडे. सीए-१२५ ही गाठ बनवत नाही. पोटाचं अस्तर या पाण्याने चिडतं आणि तेच ते सोडतं. म्हणून पोटाच्या टीबीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढतं त्या आजारात), ओटीपोटाच्या जंतुसंसर्गात, अगदी पाळीच्या दिवसांतही हा आकडा वर जातो.

आमच्याकडे गाठ किती संशयास्पद हे ठरवायला १९९० पासून वापरात असलेला एक गुणांक आहे, आरएमआय. सोनोग्राफीचे गुण, पाळीचे गुण आणि सीए-१२५ यांचा गुणाकार. मावशींच्या बाबतीत भरीव गाठ आणि पाणी म्हणून ३, पाळी गेलेली म्हणून ३, गुणिले ४००. झाले ३६००. साधारण २०० च्या वर गेलं की कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पाठवतात. म्हणजे सूत्र मांडणाऱ्याचं काही चुकलं नाही, तरी उत्तर चुकलं. अशा वेळी एमआरआय उपयोगी पडतो. फायब्रोमा तंतूंनी भरलेली असते, म्हणून ती एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या चित्रातही काळी आणि डिफ्यूजन प्रकारच्या चित्रातही काळी दिसते. भरीव भाग दोन्हींत काळा असेल तर कॅन्सरची शक्यता अगदी नगण्य उरते. चांगल्या सोनोग्राफीतही खूण मिळते, गाठीच्या मागे सावली पडते.

अशीच फसवणारी दुसरी गाठ म्हणजे स्ट्रुमा ओव्हरी. अंडाशयातल्या डरमॉइडच्या (केस, चरबी असे भाग असलेल्या साध्या गाठीच्या) जातीची, पण आत बहुतेक थायरॉइडचाच भाग. तिनेही पोटात पाणी होऊ शकतं, आणि काहींना चक्क थायरॉइड वाढल्याचा त्रास होतो. गळा तपासून काही सापडत नाही.

जुना सातारकर

डॉक्टरसाहेब, प्रश्न आदरानेच विचारतो. माझ्या कुटुंबाचं ऑपरेशन पूर्वी पोट उघडून झालं होतं, सर्जननी हात घालून सगळं चाचपून पाहिलं. ११ सेंटिमीटरची गाठ, कॅन्सरचा संशय, आणि तरी दुर्बीण? गाठ आत फुटली असती तर? छोट्या जखमेच्या नादात मोठा धोका पत्करल्यासारखं नाही का होत?

डॉ. वारणाकाठ

काका, प्रश्न रास्त आहे आणि प्रत्येक नातेवाइकाने विचारावा असाच आहे.

संशय दाट असेल, म्हणजे गाठीत रक्तवाहिन्यांचं जाळं, पोटाच्या अस्तरावर दाणे, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पदर) जाड झालेलं, तर दुर्बिणीचा हट्ट धरू नये. ते काम कॅन्सरच्या सर्जनचं, आणि तिथे पोट उघडणंच शहाणपणाचं. इथे एमआरआयने कौल साधेपणाकडे दिला होता, पाण्यात कॅन्सरच्या पेशी नव्हत्या, फ्रोझनची सोय त्याच इमारतीत होती आणि पोट उघडण्याची तयारी ठेवलेली होती. यातली एक गोष्ट जरी नसती तरी मी वेगळा विचार केला असता.

दुर्बिणीने कमी दिसतं असं मात्र नाही. दहा मिलिमीटरच्या छिद्रातून कॅमेरा आत जातो आणि यकृताच्या वरची बाजू, छातीच्या पडद्याचा खालचा भाग, आतड्यांच्या घड्या टीव्हीच्या पडद्यावर मोठ्या होऊन दिसतात. पोटाच्या खालच्या छेदातून तिथवर नजर पोचत नाही. हाताने चाचपणं तेवढं जातं, हे खरं. भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढायला १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी सुरुवात केली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून, १९७२ पासून, ते दुर्बीण फक्त पोटात डोकावून निदान करायला वापरत होते. खर्चिक तपासण्या नसलेल्या गरीब रुग्णासाठी पाहण्याचं साधन म्हणून.

आता फुटण्याबद्दल. पाण्याची गाठ असेल तर बॅगेत घालून आतलं पाणी ओढून ती लहान करता येते. फायब्रोमा दगडासारखी टणक, ती दबत नाही. आधी तिचा देठ आणि रक्तवाहिन्या बंद करून कापायच्या, मग पोटातच एंडोबॅग उघडून गाठ आत सारायची, बॅगेचं तोंड छोट्या छेदातून बाहेर काढायचं आणि बॅगेच्या आतच सुरीने फोडी करत काढायची. छेद बिकिनी रेषेवर तीन-चार सेंटिमीटर. काही वेळा योनीच्या मागच्या भिंतीतून बॅग काढतात, मग पोटावर तेवढाही छेद लागत नाही. वेळ लागतो, चिकाटी लागते. मध्येच पोट उघडावं लागलं तर ते अपयश नाही, ही गोष्ट नातेवाइकांनी आधीच मनाशी बांधावी.

जुना सातारकर

धन्यवाद. आता कळलं. बॅगेचं माहीत नव्हतं.

माणदेश

बॅगेवरून लिहावंसं वाटलं. माझ्या बहिणीची फायब्रॉइडची, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची साधी, गाठ बरीच वर्षं झाली, एका मोठ्या शहरात दुर्बिणीने काढली होती. मशीनने आतच तुकडे करून. तेव्हा सगळं छान झालं. नंतर काही वर्षांनी पोट दुखायला लागलं म्हणून स्कॅन केला तर आतड्याच्या बाजूला आणि मूत्राशयावर लहान लहान गाठी. पुन्हा कॅन्सरची धास्ती. तपासणीत त्या साध्या फायब्रॉइडच्याच निघाल्या. डॉक्टर म्हणाले, पहिल्या वेळचे कण आत राहिले आणि तिथे रुजले. असं खरंच होतं का? बहिणीला अजून पटत नाही.

डॉ. वारणाकाठ

होतं. अशा गाठींना परोपजीवी फायब्रॉइड म्हणतात. गर्भाशयापासून सुटलेला तुकडा पोटाच्या अस्तरावर बसतो, तिथून रक्तपुरवठा घेतो आणि वाढतो. संख्येने दुर्मिळ, पण मॉर्सेलेटर म्हणजे तुकडे करणारं फिरतं पातं उघड्यावर चालवायला लागल्यापासून जगभर नोंदी वाढल्या. बहिणींना सांगा, त्या साध्याच असतात, त्यांचं पुढचं ऑपरेशन दुर्बिणीने होऊ शकतं, फक्त यावेळी सगळं बॅगेत.

याच मॉर्सेलेटरची दुसरी बाजू जास्त गंभीर. बोस्टनमधल्या भूलतज्ज्ञ डॉ. एमी रीड यांचं २०१३ मध्ये फायब्रॉइड समजून ऑपरेशन झालं, गाठीचे तुकडे उघड्यावर केले गेले, आणि नंतर कळलं की आत सार्कोमा, म्हणजे स्नायूचा कॅन्सर, लपलेला होता. त्या आणि त्यांचे पती वर्षानुवर्षं यासाठी झगडले. २०१४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) इशारा दिला, की फायब्रॉइड समजून ऑपरेशन होणाऱ्या साधारण ३५० बायकांमागे एकीत असा लपलेला सार्कोमा असू शकतो. डॉ. रीड २०१७ मध्ये गेल्या. आज जगात जिथे जिथे बॅगेत गाठ फोडली जाते, तिथे त्यांचं ऋण आहे. मी प्रत्येक रुग्णाला हे सांगतो.

पॅथो मिरज

पॅथॉलॉजीतून दोन शब्द.

फ्रोझन म्हणजे गाठीचा तुकडा उणे वीस अंशांच्या आसपास गोठवून त्याची पातळ चकती काढायची, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. वीस-तीस मिनिटांत सर्जनला फोन जातो, तोवर रुग्ण भुलेतच. पण तो अंतिम निकाल नव्हे. गाठ मोठी असते, आम्ही एक-दोन ठिकाणचाच तुकडा पाहिलेला असतो. खरा रिपोर्ट फॉर्मालिनमध्ये (गाठ टिकवणाऱ्या द्रावणात) गाठ मुरल्यावर, अनेक जागांचे तुकडे पाहून येतो. फ्रोझनला फायब्रोमा म्हटल्यावर नंतरच्या रिपोर्टात 'सेल्युलर फायब्रोमा' आलं म्हणून घाबरून आलेले नातेवाईक मी पाहिलेत. त्यात पेशी जास्त दाट असतात. गाठ अखंड निघाली असेल तर बहुतेकदा फक्त काही काळ तपासणीला येत राहायचं, एवढंच.

आणि एक विनंती, अगदी कळकळीची. आपल्याकडे गाठीची बरणी नातेवाइकांच्या हातात देऊन 'लॅबला द्या' म्हणायची पद्धत अजून आहे. ती बरणी घरी ठेवू नका, गाडीच्या डिकीत रात्रभर ठेवू नका. आत फॉर्मालिन आहे ना, झाकण घट्ट आहे ना, नाव लिहिलंय ना हे बघा आणि त्याच दिवशी पोचवा. नुसत्या सलाइनमध्ये आणलेली गाठ उन्हाळ्यात खराब होते, मग आम्ही काहीच सांगू शकत नाही. बॅगेत फोडी केलेली गाठ असेल तर सगळ्या फोडी पाठवा, 'नमुना' म्हणून एक नको. रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) यांवर तुमचा हक्क आहे. दुसऱ्या मतासाठी ब्लॉक मागितला तर मिळतो.

कृष्णाकाठ

ही बरणीची गोष्ट कुणीच सांगत नाही. आमच्या घरी खरंच एक बरणी दोन दिवस देवघराच्या खालच्या कपाटात होती, सासूबाईंना ती टाकवतही नव्हती आणि नेववतही नव्हती. नशिबाने आत औषध होतं आणि रिपोर्ट नीट आला.

आशा शिराळा

मी शिराळा तालुक्यात आशा म्हणून काम करते. मोबाइलवर लिहितेय, चूकभूल समजून घ्या.

धागा वाचून रडू आलं कारण माझ्या वाडीतल्या किती बायांनी पस्तिशीच्या आत पिशवी काढलीय ते मला माहीत आहे. अंगावरून जास्त जातंय, पिशवी काढा. पांढरं जातंय, पिशवी काढा. गाठ आहे, पिशवी काढा. कुणी विचारतच नाही की गाठ कसली, किती मोठी. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा सगळ्यांना धक्का बसला, सरकारने समिती नेमली. त्याच बाया दरवर्षी आपल्या कारखान्यांच्या ऊसाला येतात, मी त्यांच्या खोपटांत जाते. पाळीत सुट्टी घेतली तर खाडा पडतो, पैसे कापले जातात, म्हणून त्यांना ती पिशवी नकोशी होते. आणि आपल्या इकडच्या बागायतदारांच्या घरातल्या बायासुद्धा "एकदाची काढून टाकली की सुटले" असंच म्हणतात.

मला एवढंच विचारायचं आहे, घरभेटीला गेल्यावर मी बाईला काय विचारू? मी एमआरआय नाही करू शकत.

डॉ. वारणाकाठ

आशाताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यांत मोलाचा.

पाळी गेलेल्या बाईचं पोट वाढतंय पण हातपाय बारीक होतायत का, दोन घास खाल्ल्यावर पोट भरतं का, चालताना दम लागतो का, सारखी लघवीला जावं लागतं का. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं का. यातलं एकही 'हो' आलं तर सोनोग्राफीला पाठवा. मधूनच ओटीपोटात जीवघेणी कळ येऊन उलटी होते का हेही विचारा, कारण जड गाठ देठावर फिरून पीळ बसतो, आणि तेव्हा उपजिल्हा रुग्णालयात त्याच दिवशी पोचायला हवं.

तरुण बाईला कुणी पिशवी काढायला सांगितली तर तिला म्हणा, रिपोर्टची प्रत माग आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखव. अंडाशयं काढली तर पाळी अचानक बंद होते, हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो, तिशी-पस्तिशीत तर फारच. साध्या गाठीसाठी बहुतेकदा गाठ काढून अंडाशय किंवा गर्भाशय वाचवता येतं.

यवतेश्वर

आशाताई, पैशांचं पण सांगा बायांना. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जायचं. नेमकं हे ऑपरेशन तिथे त्या यादीत बसतं का ते भरती होण्यापूर्वी विचारून घ्यायचं. आमच्या काकांना हे माहीत असतं तर शेत विकायची भाषा आली नसती.

आशा शिराळा

हे सगळं वहीत लिहून घेतलं. पुढच्या महिन्याच्या बैठकीत बाकीच्या आशांना वाचून दाखवते.

कोयनाकाठची आई

मी इथे आजवर फक्त वाचत आले आहे, लिहायला आज पहिल्यांदा आले. मुलगी १९ वर्षांची, कराडला कॉलेजात. पाळीत इतकं दुखतं की बेशुद्ध पडते. आधी सगळे म्हणाले, लग्न झालं की थांबेल. आता सोनोग्राफीत गर्भाशयाच्या एका बाजूला रक्त भरलेली गाठ दिसतेय, साधारण तीन सेंटिमीटर. एक डॉक्टर म्हणाले गर्भाशयाचं अर्धवट शिंग आहे, दुसरे म्हणाले सिस्टिक अॅडिनोमायोमा. आम्ही पार गोंधळलोय. तिचं गर्भाशय राहील का?

डॉ. वारणाकाठ

ताई, आधी मुलीला सांगा की तिचं दुखणं खरं आहे. लग्नाने ते थांबणार नाही.

दोन्ही डॉक्टर योग्य दिशेने विचार करतायत. सोनोग्राफीत या दोन गोष्टी फार सारख्या दिसतात. काही मुलींत गर्भाशय जन्मतःच दुभागलेलं असतं, एका बाजूचं लहान शिंग बंद असतं आणि त्यात पाळीचं रक्त साठतं. दुसरी शक्यता ज्युव्हेनाइल सिस्टिक अॅडिनोमायोमा. गर्भाशयाच्या भिंतीतच अस्तराचा तुकडा अडकतो, दर पाळीला तिथे रक्तस्राव होतो आणि बाहेर पडायला वाट नसते. तिशीच्या आतली मुलगी, एक सेंटिमीटरहून मोठी रक्ताची पोकळी, तिच्याभोवती स्नायूचं जाड कडं, गर्भाशयाची मुख्य पोकळी मात्र वेगळी आणि निरोगी, आणि असह्य वेदना, हे त्याचं चित्र. अतिशय दुर्मिळ, पण साधं.

फरक एमआरआयवर कळतो. मुख्य पोकळी पूर्ण आकाराची असून दोन्ही नळ्यांची तोंडं तिलाच जोडलेली दिसली तर कौल अॅडिनोमायोमाकडे जातो. त्याबरोबर मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्या, कारण शिंगाच्या प्रकारात त्या बाजूचं मूत्रपिंड नसण्याची शक्यता असते.

गर्भाशय राहतं. औषधांनी पाळी थोपवून काही काळ आराम मिळतो, पण पुष्कळदा शेवटी गाठ काढावी लागते. ती दुर्बिणीने निघते. इथे मात्र काढण्याइतकंच शिवणं महत्त्वाचं. भिंतीला पडलेला खड्डा थरांनी नीट शिवला गेला तरच पुढे बाळंतपणात ती भिंत टिकते. म्हणून दुर्बिणीतून गर्भाशय शिवण्याचा सराव असलेला सर्जन शोधा, आणि अशी ऑपरेशन्स तुम्ही किती केलीत हे त्यांना सरळ विचारा. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. पुढे दिवस राहतील तेव्हा या ऑपरेशनचा कागद प्रसूतीच्या डॉक्टरांना दाखवायचा, हे मुलीला आत्ताच सांगून ठेवा.

पॅथो मिरज

आणि ती गाठ निघाल्यावर ती पूर्ण पॅथॉलॉजीला जाऊ द्या. अस्तर आणि स्नायू दोन्ही दिसले की निदान पक्कं होतं, पुढच्या डॉक्टरला अंदाज बांधावा लागत नाही.

कोयनाकाठची आई

फार फार आभार. मुलीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. "दुखणं खरं आहे" या ओळीवर ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. कराडलाच एमआरआयची तारीख मिळालीय. त्या सुमारास तिची पाळी येऊ शकते, तारीख बदलू का?

डॉ. वारणाकाठ

बदलायची गरज नाही. पाळीच्या दिवसांत गाठीत रक्त ताजं असतं, ते स्कॅनमध्ये उलट स्पष्ट दिसतं. तिला एमआरआयच्या बोगद्यात निपचित पडून राहणं झेपेल का एवढंच बघा, वेदनाशामक डॉक्टरांना विचारून आधी द्या. रेडिओलॉजिस्टना शेवटच्या पाळीची तारीख आणि दोन्ही डॉक्टरांचे अंदाज लेखी द्या, म्हणजे ते नेमकं काय शोधायचं ते ठरवूनच चित्रं काढतील. रिपोर्ट आला की इथे नाव-पत्ता झाकून टाका, बघतो.